आंधळ्याच्या गायी किती दिवस देवानेच राखायच्या?

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. सुरतेत रिंग रोडवरच्या एका विमा-प्रतिनिधीच्या कचेरीत मी अर्ज भरत बसलो होतो. अर्जात 'व्यवसाय' असा एक रकाना होता. दिवसा मी कापडबाजारात एका पेढीचे हिशेब लिहितो; परंतु विमा मला त्या कामासाठी नको होता. मी म्हणालो, "डोंगरातल्या सायकल-सहलींचा वाटाड्या, असे लिहा." त्या गृहस्थांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले आणि अगदी प्रामाणिकपणे विचारले, "भाई, ड्रायव्हर लिहू की मास्तर लिहू?"

त्या वेळी मी हसलो. घरी येताना मात्र तो प्रश्न मनात घोळत राहिला. ड्रायव्हरला परवाना लागतो आणि त्याच्या गाडीला विमा लागतो. मास्तराला पदवी लागते. पण दुसऱ्यांची मुले डोंगरात घेऊन जाणाऱ्या आणि ती धडधाकट परत आणण्याचे वचन देणाऱ्या माणसाला आपल्या समाजात रकानाच नाही. गळ्यात एक शिट्टी, अंगात छापील बनियन आणि मोबाइलवर जमवलेला पंचवीस-तीस जणांचा गट एवढ्या भांडवलावर आज कोणीही वाटाड्या होऊ शकतो. मीही तसाच झालो होतो. म्हणून या विषयावर लिहिण्याचा मला अधिकार आहे की नाही हे वाचकांनीच ठरवावे. पण अनुभव मात्र आहे.

बेळगावच्या माझ्या मित्रांना सुरत म्हटली की शिवाजी महाराजांच्या १६६४ आणि १६७० च्या स्वाऱ्या, जर, हिरे आणि घारी एवढेच आठवते. परंतु आजच्या सुरतेत लिंबायत, उधना, पांडेसरा या भागांत खानदेशातून आलेली मराठी कुटुंबे फार मोठ्या संख्येने राहतात. बाप यंत्रमागावर आणि मुलगा महाविद्यालयात, असे चित्र घराघरांतून दिसते. शहर तळहातासारखे सपाट. रविवारी पहाटे डुमसच्या रस्त्याने सायकली पळवणारे पुष्कळ; पण चढ म्हणून पाहायचा तर तापीवरच्या पुलाचा! खरा डोंगर पाहिजे असेल तर व्यारा, वघई या बाजूने पूर्वेला जावे लागते. तिथे डांग लागतो. १९६० साली द्विभाषिक मुंबई राज्य दुभंगताना डांग मराठीचा की गुजरातीचा यावर मोठा वाद झाला आणि अखेर तो गुजरातेत गेला. सीमाभागात वाढलेल्या आपल्याला हे प्रकरण वेगळे समजावून सांगायला नको. साग आणि बांबूची दाट वने, महालजवळचे पूर्णा अभयारण्य, वघईजवळचा गिरा धबधबा आणि सुमारे एक हजार मीटर उंचीवरचे सापुतारा, असा हा मुलूख सायकलवाल्याला वेड लावणारा आहे.

डोंगरी सायकल हा प्रकार तसा नवा. १९७० च्या दशकात अमेरिकेत कॅलिफोर्नियातील काही तरुणांनी जाड टायरच्या जुन्या सायकली टेकडीच्या मातीच्या वाटांवरून खाली सोडण्याचा खेळ सुरू केला. त्यातून या सायकली घडल्या, कारखान्यात बनू लागल्या आणि १९९६ साली अटलांटाच्या ऑलिंपिकमध्ये हा खेळ दाखलही झाला. आपल्याकडे हिमाचल प्रदेशात २००५ साली 'एमटीबी हिमालय' ही शर्यत सुरू झाली. आता तर जाड टायरची आणि गिअरची सायकल लिंबायतच्या गल्लीतही दिसते. सायकल घरोघर पोहोचली. ती डोंगरात कशी चालवावी हे ज्ञान मात्र तिच्याबरोबर पोहोचले नाही.

सुरतेतल्या एका सहल-संस्थेने मला विचारले, "तुम्हाला डांगच्या वाटा ठाऊक आहेत. आमच्या मुलांना घेऊन जाल का? माणशी इतके पैसे देऊ." मी आनंदाने हो म्हटले. माझी पात्रता काय, तर त्या वाटांवरून मी स्वतः दहा-बारा वेळा गेलो होतो आणि एकदाही जबर पडलो नव्हतो. स्वतः न पडणे ही दुसऱ्याला नेण्याची पात्रता आहे, असे मला तेव्हा मनापासून वाटत होते. दोन हिवाळे मी अशा सहली नेल्या. काही झाले नाही. आंधळ्याच्या गायी देव राखतो म्हणतात, तसे तो राखत होता.

तिसऱ्या हिवाळ्यात त्याने एकदा डोळा मिटला. महालच्या पुढे जंगलातल्या उतारावर आम्ही चौदा जण होतो. मी सर्वांत पुढे. सर्वांत मागे कोणी जाणता माणूस ठेवावा हे मला सुचलेच नव्हते. सागाची वाळलेली पाने दगडांवर पसरली होती. एका मुलाने घाबरून फक्त पुढचा ब्रेक करकचून दाबला आणि तो हँडलवरून पलीकडे फेकला गेला. वाणिज्य शाखेच्या दुसऱ्या वर्षाचा, एकोणीस वर्षांचा मुलगा. उकडते म्हणून त्याने हेल्मेटचा पट्टा सोडून ठेवला होता आणि मी सकाळपासून एकदाही त्याच्या पट्ट्याकडे पाहिले नव्हते. मी पुढच्या ओढ्यापाशी थांबून मुले मोजली तेव्हा एक कमी भरला. परत वर चढून त्याच्यापर्यंत पोहोचायला वीस मिनिटे गेली.

ती वीस मिनिटे मी विसरणार नाही. खांद्याजवळचे हाड मोडलेले, कपाळातून रक्त येत होते, आणि तो एकच प्रश्न पुनःपुन्हा विचारत होता. डोक्याला मार लागल्यावर असे होते, हे मला पुढे शिकवण्यात आले. त्या दिवशी मला त्यातले काही कळत नव्हते. गुजरातेत १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका-सेवा २००७ पासून चांगली चालते. पण त्या दरीत फोनच लागत नव्हता, आणि तो कुठे लागतो हे मी आधी पाहून ठेवले नव्हते. मी त्याला उठवून बसवले, पाणी पाजले. या दोन्ही गोष्टी करायच्या नसतात. शेवटी पाड्यावरच्या एका डांगी म्हाताऱ्याने खाटेला दोन बांबू बांधले आणि चौघांनी त्याला गाडीरस्त्यापर्यंत आणले.

मुलगा बरा झाला, हे आधीच सांगून टाकतो. परंतु त्या वर्षीची परीक्षा गेली, आणि सुरतेच्या खाजगी रुग्णालयाचे बिल ऐंशी हजारांच्या घरात गेले. वडील यंत्रमाग कामगार. सहल-संस्थेने सुरुवातीला घेतलेल्या सह्यांचा कागद पुढे केला: 'मी माझ्या जबाबदारीवर येत आहे.' गटाचा विमा काढला आहे असे जाहिरातीत छापले होते. तो कागद मागवून पाहिला, तर त्यात साहसी खेळ वगळल्याचे बारीक अक्षरांत लिहिलेले. मित्रमंडळींनी वर्गणी काढली, मी माझी पुंजी घातली, आणि उरलेले त्या गृहस्थांनी मुकादमाकडून उचल घेऊन फेडले. त्यांनी माझ्याशी भांडण केले नाही. रुग्णालयाच्या जिन्यात ते एवढेच म्हणाले, "भाऊ, तुमच्या भरवशावर धाडला होता."

विद्यार्थीमित्रांनो, या लेखाचा विषय त्या एका वाक्यात आहे. मी ज्याला शौक समजत होतो त्याला ते भरवसा म्हणत होते. शौक स्वतःपुरता असतो आणि त्याला कोणाचा कागद लागत नाही. भरवसा दुसऱ्याने आपल्यावर ठेवलेला असतो, आणि तो पेलायचा तर दोन गोष्टी लागतात. अपघात होऊ नये म्हणून शिक्षण लागते. आणि एवढे करूनही तो झालाच, तर त्याचा खर्च गरीब बापाच्या डोक्यावर पडू नये म्हणून विमा लागतो. यातली एक असून भागत नाही.

आधी शिक्षणाचे पाहू. डोंगरी सायकलच्या वाटाड्याला देशभर बंधनकारक असा परवाना आपल्याकडे नाही. केंद्रीय पर्यटन मंत्रालय आणि ॲडव्हेंचर टूर ऑपरेटर्स असोसिएशन ऑफ इंडिया यांनी २०१८ साली साहसी पर्यटनाच्या मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. पण सूचना म्हणजे कायदा नव्हे. ब्रिटन-कॅनडात सायकल-वाटाड्यांसाठी स्वतंत्र परीक्षा आहेत. तिथे प्रथमोपचाराचे चालू प्रमाणपत्र असल्याशिवाय पात्रता पुरी होत नाही. ते प्रमाणपत्र ठरावीक वर्षांनी नवे करावे लागते, कारण हात विसरतात.

मग सुरतेतल्या माझ्यासारख्याने काय करावे? मी जुळवाजुळव केली. गुजरात सरकारची स्वामी विवेकानंद गिर्यारोहण संस्था राजस्थानात आबूच्या पहाडावर आहे. तिथे मी प्रस्तरारोहणाचा प्राथमिक वर्ग केला. तिथे सायकल नव्हती, दोर होते. मित्रांनी चेष्टा केली, "सायकल चालवायला दोर कशाला?" पण तिथे मी जे शिकलो ते सायकलीपेक्षा मोठे होते. निघताना, थांबताना आणि पोहोचल्यावर माणसे मोजायची. आपली गाठ दुसऱ्याकडून तपासून घ्यायची. कितीही अनुभवी असलो तरी घ्यायची. आणि हवा बिघडली, वेळ टळली, कोणाचा चेहरा उतरला, तर "आज नाही" असे म्हणायचे. हा शेवटचा धडा सर्वांत अवघड. पैसे घेतल्यावर "आज नाही" म्हणायला छाती लागते.

त्यानंतर प्रथमोपचार. सेंट जॉन ॲम्ब्युलन्स आणि रेड क्रॉस यांचे वर्ग पुष्कळ शहरांत होतात आणि ते महाग नसतात. परंतु शहरातला प्रथमोपचार रुग्णवाहिका लवकर येईल असे गृहीत धरतो. रानात ती लवकर येत नाही. रुग्णालय तासा-दोन तासांच्या अंतरावर असताना मानेला मार लागलेल्या माणसाला केव्हा हलवावे आणि केव्हा हलवू नये, उन्हाचा तडाखा बसलेल्याला थंड कसे करावे, रक्त दाबून कसे थांबवावे, हे शिकवणारे निराळे वर्ग असतात. वाटाड्याला खरे तर ते हवेत.

सायकलीचे शिक्षण मी माझ्याहून जाणत्या एका स्वाराच्या हाताखाली घेतले. उतारावर बूड मागे न्यायचे, दोन्ही ब्रेक थोडेथोडे दाबायचे, नजर चाकावर नव्हे तर पुढच्या वाटेवर ठेवायची, या गोष्टी मला येत होत्या. पण येणे वेगळे आणि दुसऱ्याला पाच मिनिटांत समजावून देता येणे वेगळे. आता मी निघण्यापूर्वी सपाट जागेवर अर्धा तास सर्वांना ब्रेक दाबायला लावतो. प्रत्येक सायकलीची हवा, ब्रेक आणि साखळी स्वतः पाहतो. हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली दोन बोटे मावतील इतकाच सैल ठेवतो, आणि एकदा आपटलेले हेल्मेट पुन्हा वापरू देत नाही. आठांपेक्षा जास्त जण नेत नाही. एक वाटाड्या पुढे, एक मागे. वनखात्याची परवानगी घेतल्याशिवाय अभयारण्यात पाऊल ठेवत नाही. फोन कुठे लागतो आणि गाडी कुठवर येते, यांच्या खुणा नकाशावर करून तो नकाशा दोघांकडे ठेवतो. यात विद्वत्ता कसलीच नाही. पण यातले काहीही मला आपोआप सुचले नव्हते. ते कोणीतरी शिकवावे लागले, आणि शिकण्यापूर्वी एका मुलाचे हाड मोडावे लागले.

आता विम्याकडे वळतो. ज्या सुरतेत मी हे लिहीत आहे तिथले व्यापारी मोगल अमदानीत मालाच्या वाहतुकीचा विमा उतरवीत असत. हुंडी आणि विमा हे दोन्ही व्यवहार या गावच्या रक्तात आहेत. आजही कापडबाजारातून निघणारी साड्यांची गासडी विम्याशिवाय ट्रकवर चढत नाही. त्याच बाजारात हमाली करणाऱ्याचा मुलगा मात्र बिनविम्याचा डोंगरात जातो. गासडीची किंमत बिलावर लिहिलेली असते म्हणून तिचा विमा निघतो. मुलाची किंमत कोणी लिहीत नाही, हे त्याचे कारण असावे.

विम्याचे दोन प्रकार वाटाड्याने नीट समजून घ्यावेत. एक व्यक्तिगत अपघाताचा: ज्याला लागले त्याला किंवा त्याच्या घरच्यांना पैसे मिळतात. दुसरा उत्तरदायित्वाचा: वाटाड्याच्या चुकीमुळे दुसऱ्याचे नुकसान झाले, तर जी भरपाई द्यावी लागते ती विमा कंपनी देते. पहिला आपल्याकडे बऱ्यापैकी रुळला आहे. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत तर २०२२ पासून वर्षाला २० रुपये हप्ता आणि अपघाती मृत्यूस २ लाखांची भरपाई आहे. ही रक्कम अपुरी असली तरी बँकेत खाते असलेल्या अठरा वर्षांवरील प्रत्येक विद्यार्थ्याने ती घेऊन ठेवावी. पण साध्या अपघात-विम्यात साहसी खेळ बहुधा वगळलेले असतात. ते समाविष्ट करून घ्यायचे तर तसे सांगून जादा हप्ता भरावा लागतो. दुसरा प्रकार आपल्याकडच्या वाटाड्यांना जवळजवळ ठाऊकच नाही. मोटारीला परक्याच्या नुकसानीचा विमा कायद्याने सक्तीचा आहे. तसाच विमा वाटाड्याने स्वतःच्या खांद्यावर घ्यायचा असतो, असे समजावे.

विम्याच्या करारात एक तत्त्व असते. मागणाऱ्याने काहीही लपवायचे नाही. म्हणूनच त्या गृहस्थांच्या "ड्रायव्हर लिहू की मास्तर" या प्रश्नाला मी "काहीही लिहा" असे उत्तर दिले असते, तर हप्ता कदाचित कमी बसला असता, पण वेळ आली तेव्हा तो कागद रद्दीच्या भावाचा ठरला असता. मी तिथे बसून सर्व लिहवून घेतले: कुठले रान, कुठला उतार, किती माणसे, कोणते शिक्षण. कंपनीने उलट प्रश्न विचारले, प्रमाणपत्रांच्या नकला मागितल्या. दोन महिने गेले. विमा काढायला शिक्षणाचे पुरावे लागले, आणि शिक्षण घेतल्यामुळेच विमा मिळाला. दोन गोष्टींची सांगड अशी आपोआप पडते.

आणि तो सहीचा कागद? 'माझ्या जबाबदारीवर येत आहे' असे लिहून दिल्याने अंगभूत धोका पत्करला असे म्हणता येईल. नेणाऱ्याचा निष्काळजीपणा त्याने धुऊन निघतो असे कोणी समजू नये. निष्काळजीपणाने मृत्यू घडवला तर तो फौजदारी गुन्हाच आहे. पूर्वी भारतीय दंड विधानाच्या ३०४-अ कलमात होता, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या १०६ व्या कलमात आहे.

काही जण म्हणतील, सायकलच्या एका पडण्यावरून एवढे पुराण कशाला? त्यांच्यासाठी चार तारखा सांगतो. ८ जून २०१४ रोजी हिमाचलात बियास नदीच्या पात्रात उतरलेले हैदराबादच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयाचे २४ विद्यार्थी धरणातून सोडलेल्या पाण्यात वाहून गेले. १५ एप्रिल २०१७ रोजी आपल्याच बेळगावच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या सहलीतले आठ जण मालवणजवळ वायरीच्या समुद्रात बुडाले. त्या दिवसाची आठवण या गावात अजून ताजी आहे. १८ जानेवारी २०२४ रोजी वडोदऱ्याच्या हरणी तलावात शाळेची सहल बसलेली नाव उलटली आणि १२ मुले व २ शिक्षिका गेल्या. आणि २४ मे २०१९ रोजी सुरतेच्या सरथाणा भागात तक्षशिला इमारतीतल्या शिकवणी-वर्गाला आग लागून २२ विद्यार्थी गेले. ती सहल नव्हती, पण प्रश्न तोच होता: ज्याच्या भरवशावर मुले धाडली त्याने काय तयारी ठेवली होती?

प्राध्यापक मंडळींनी यातल्या पहिल्या घटनेचा पुढचा भाग लक्षात ठेवावा. हिमाचल उच्च न्यायालयाने २०१६ साली प्रत्येक मृत विद्यार्थ्याच्या पालकांना २० लाख रुपये भरपाई ठरवली, आणि तीतला ३० टक्के वाटा महाविद्यालयाने द्यावा असे सांगितले. म्हणजे मुले नेणाऱ्याला कंत्राट दिले की आपण मोकळे झालो, असे कोणत्याही संस्थेला म्हणता येणार नाही.

इंग्लंडातही शहाणपण असेच उशिरा आले. २२ मार्च १९९३ रोजी लाइम उपसागरात होड्या वल्हवायला नेलेली चार शाळकरी मुले बुडाली. ज्या साहस-केंद्राने त्यांना नेले होते, तिथल्या दोन शिक्षकांनी आधीच सुरक्षिततेबद्दल लेखी इशारा देऊन नोकरी सोडली होती. पुढे केंद्राच्या संचालकाला तुरुंगवास झाला आणि १९९५ साली तरुणांच्या साहस-केंद्रांना परवाना सक्तीचा करणारा कायदा झाला. त्याच्या नियमांत दुर्गम डोंगराळ भागातली सायकल-भ्रमंतीही मोडते. इशारा देणारे दोघे शिकलेले होते म्हणून त्यांना धोका दिसला. शिक्षणाचा पहिला उपयोग हा, की आपल्याला काय येत नाही ते कळते.

आता विरुद्ध बाजू. ती खोटी नाही. महाराष्ट्रात हिमालयातील मोहिमेत मुलगा गमावलेल्या पालकांनी उच्च न्यायालयात याचिका केली. त्यानंतर सरकारने नियम केले, ते बदलले, २०१८ साली नवे काढले आणि ऑगस्ट २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचे धोरण जाहीर करून नोंदणी आणली. या प्रवासात गिर्यारोहण-संस्थांतून विरोधाचा सूर निघाला. चार मित्रांनी मिळून राजमाचीला जायचे तर कचेरीत खेटे घालायचे काय? ज्यांनी पदरमोड करून सह्याद्री पालथा घातला, त्यांना परवाना कोण देणार? परवाना आला की त्यामागे चिरीमिरी आली. आणि भिंतीवर टांगलेले प्रमाणपत्र आग विझवत नाही.

हे सर्व मला मान्य आहे. म्हणून मी रेघ एका ठिकाणी ओढतो. मित्र-मित्र जात असतील तर सरकारने त्यांच्या वाटेला जाऊ नये. परंतु ज्या क्षणी एकजण पैसे घेतो, किंवा शाळा-महाविद्यालयाच्या नावाने मुले गोळा करतो, त्या क्षणी तो शौकीन राहत नाही, वाटाड्या होतो. तिथून पुढे शिक्षण आणि विमा या दोन्ही अटी त्याला लागू व्हाव्यात.

आणखी एक आक्षेप माझा स्वतःचाच आहे, आणि त्याचे पुरते उत्तर मला सापडलेले नाही. त्या दिवशी आमच्यापैकी खरा वाटाड्या कोण होता? ज्याने खाटेला बांबू बांधले तो म्हातारा. कुठला ओढा केव्हा चढतो, कुठला दगड हलतो, हे त्याला ठाऊक. त्याच्याजवळ प्रमाणपत्र नाही आणि ते मिळवायला तो आबूला जाणार नाही. उद्या नियम कडक झाले, तर सुरतेचा इंग्रजी बोलणारा तरुण परवाना घेऊन डांगात धंदा करील आणि डांगचा कोकणा, वारली, भिल्ल तरुण त्याची सायकल उचलून देण्याची मजुरी करील. हे होता कामा नये. पात्रता आवश्यक करायची तर ती मिळवण्याची सोय आहव्यात हवी, डांगी मुलाला समजेल त्या भाषेत हवी, आणि फी त्याला झेपेल इतकीच हवी. मुलूख ज्यांचा, पहिला परवाना त्यांचा. सध्या मी एवढेच करतो, की माझा मागचा वाटाड्या त्या पाड्यावरचा तरुण असतो, त्याला माझ्याइतकेच पैसे मिळतात, त्याच्या प्रथमोपचाराच्या वर्गाची फी मी भरली आणि विम्याच्या कागदावर त्याचे नाव माझ्या नावाखाली आहे.

आपल्या महाविद्यालयाला हे सर्व दूरचे वाटू नये. आपली मुले आंबोलीला जातात, चोर्ला घाटात जातात, दांडेलीला काळी नदीवर जातात. मराठी विभागातली जातात आणि कन्नड विभागातलीही जातात. उतारावर घसरताना भाषा विचारली जात नाही. कर्नाटक सरकारची जनरल थिमय्या नॅशनल अकॅडमी ऑफ ॲडव्हेंचर ही संस्था साहसी खेळांचे शिक्षण देते. दरवर्षी आपल्या जिमखान्याने दोन विद्यार्थी आणि एक प्राध्यापक अशा वर्गांना धाडले, तर पाच वर्षांत पंधरा जाणती माणसे तयार होतील. आणि पुढच्या सहलीच्या सूचनेखाली सही करण्यापूर्वी नेणाऱ्याला चार प्रश्न विचारावेत: तुमचे शिक्षण काय? प्रथमोपचाराचे प्रमाणपत्र चालू आहे का? विम्याचा कागद दाखवा, त्यात हा खेळ धरला आहे का? आणि कोणी पडले तर किती वेळात, कुठल्या रस्त्याने, कुठल्या रुग्णालयात न्याल? चौथ्या प्रश्नाला जो अडखळेल त्याच्याबरोबर जाऊ नये. तीन हिवाळ्यांपूर्वी कोणी मला हे विचारले असते, तर मी पहिल्याच प्रश्नाला अडखळलो असतो.

तो मुलगा आता पदवीधर झाला आहे. गेल्या डिसेंबरात तो पुन्हा आला. त्याचे वडील पहाटे त्याला सोडायला आले होते. मी त्यांच्यापुढे विम्याचा कागद आणि प्रमाणपत्रे ठेवली. त्यांनी कागद हातात घेतले, उलटसुलट पाहिले आणि परत दिले. मग मुलाच्या हेल्मेटचा पट्टा स्वतःच्या हाताने ओढून पाहिला. मला बरे वाटले. ज्याने भरवसा ठेवायचा, त्यानेही एकदा पट्टा ओढून पाहावा.